अस्वलाच्या भीतीनं कान्हेरीला

मुलुंड आणि बोरिवली यांच्या मध्ये एक जंगल आहे, म्हणून मुलुंडहून बोरिवलीला जाणारा माणूस दादरला जातो. नकाशात ही दोन उपनगरं एकमेकांना पाठ लावून बसलेली दिसतात. पण त्या दोन पाठींच्या मध्ये सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, त्यात विहार आणि तुळशी हे दोन तलाव आहेत, आणि बिबटे तर आहेतच. त्यामुळे आधी मध्य रेल्वेनं दक्षिणेकडे, मग दादरचा पूल, मग पश्चिम रेल्वेनं पुन्हा उत्तरेकडे. डोंगराच्या पोटातून जोडबोगदे काढायचं काम सुरू आहे. ते होईपर्यंत आम्ही आहोत आणि रविवारचा मेगाब्लॉक आहे.

बेत कान्हेरीचा होता. चार उपनगरांतल्या नातेवाइकांनी बोरिवलीला जमायचं आणि ज्याचं त्यानं खाणं आणायचं, असं ठरलं होतं. मराठी माणूस लेणी बघायला निघाला की लेण्यांची माहिती दुसऱ्या कुणीतरी काढली असेल असं धरून चालतो. डब्याच्या बाबतीत मात्र तो कुणावरही विसंबत नाही. घाटकोपरचे साडू थेपले, छुंदा आणि खाकऱ्याची पुडकी घेऊन आले. घाटकोपरला इतकी वर्षं काढल्यावर माणूस आडनावापुरता मराठी उरतो, पोटानं नाही. बोरिवलीचा मेहुणा यजमान, म्हणून तो रिकाम्या हातानं आणि भरपूर सल्ले घेऊन आला. आमच्याकडे पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि लसणाची चटणी. अंधेरीची आत्या बेसनाचे लाडू घेऊन उतरली ती, “गुंफाच बघायच्या होत्या तर आमच्या महाकालीला यायचं, रिक्षानं झालं असतं,” असं म्हणतच. आणि तिच्यामागून तिचा कॅलिफोर्नियातला नातू उतरला. त्याच्या पाठीवर एक काळं पिंप होतं.

“हे काय रे? गॅस?” मेहुण्यानं विचारलं.

“नाही काका. अस्वलापासून खाणं वाचवायचा डबा.”

पिंप जाड प्लॅस्टिकचं होतं. अंगानं गुळगुळीत, ना कडी ना कान, मधे जरा फुगीर, म्हणजे अस्वलाला जबड्यात धरायला काही सापडू नये. रिकामं असतानाच किलोभराच्या वर. झाकण आत बसवलेलं आणि त्यावर दोन खाचा. खाचेत नाणं घालून फिरवलं की ते उघडतं. अस्वलाकडे नाणं नसतं, एवढ्याच सिद्धान्तावर ही सगळी विद्या उभी होती. नातू सिएरा नेवाडाच्या डोंगरांत हे पाठीवर घेऊन हिंडला होता आणि आता हिमालयात जाणार होता. मधल्या प्रवासात पिंपाला सुटकेस व्हावं लागलं होतं: येताना त्यात बदाम, चॉकलेटं आणि आत्याच्या गुडघ्यांच्या गोळ्या आल्या होत्या.

“बोरिवलीत अस्वल?” मेहुण्याला ते जरा लागलंच. “आमच्याकडे बिबट्या असतो. अस्वल पाहिजे तर बुलढाण्याला जा, ज्ञानगंगा अभयारण्यात. नाहीतर मेळघाट. आणि ते अस्वलसुद्धा तुमच्या डब्याला हुंगायचं नाही. ते खातं वाळवी, मुंग्या, मध, मोहाची फुलं, बोरं, जांभळं. त्याला वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी अशी ओढून घेतं की आवाज लांबपर्यंत जातो. पुरीभाजीसाठी ते कशाला तोंड वाईट करेल?”

“पण माकडं असतील ना?”

“माकडं!” मेहुण्याची छाती फुगली. “माकडं म्हणशील तेवढी.”

“मग वास येणारं सगळं ह्यात टाका.”

सगळं म्हणजे काय, ते आम्हाला हळूहळू कळलं. अस्वलाला टूथपेस्टही खाणंच वाटते, म्हणून तिकडे साबण, मलमं, सगळं याच डब्यात कोंबून तंबूपासून लांब ठेवायचं असतं. नातवानं शिस्तीनं झडती घेतली. पुऱ्या गेल्या, भाजी गेली, चटणी गेली, लाडू गेले. त्यांच्यामागून आत्याची डोकेदुखीच्या बामची बाटली गेली, माझ्या बायकोचं उन्हाचं क्रीम गेलं, साडूंचा मुखवास गेला. थेपल्यांची बॅग मात्र साडूंनी दिली नाही. “आपली बॅग चेनवाली आहे,” एवढंच ते म्हणाले आणि चेन पुढे-मागे ओढून दाखवली.

उद्यानाच्या दारापासून कान्हेरी सहा-सात किलोमीटर. बाकी लोक गाडीनं जात होते, सायकली भाड्यानं घेत होते. मेहुण्याला उद्यान स्वतःचं वाटत असल्यामुळे आम्ही चालत निघालो. डोक्यावर झाडी, मागे हळूहळू विरत जाणारे हायवेचे हॉर्न, आणि कानाशी नातवाचं अस्वलपुराण.

त्याचं म्हणणं असं. अमेरिकेत अस्वलं बिघडली ती माणसांनी बिघडवली. येलोस्टोनमध्ये एके काळी हॉटेलांचा कचरा एका जागी ओतायचे. अस्वलं तिथं जेवायला यायची आणि लोक समोरच्या बाकांवर बसून बघायचे. दुसरं महायुद्ध येईपर्यंत हा कार्यक्रम चालला. पुढे अस्वलं पाहुण्यांकडे स्वतःच जाऊ लागली. योसेमिटीमध्ये १९९८ साली अस्वलांच्या दीड हजारांवर आगळिकी नोंदल्या गेल्या, त्यांतल्या कितीतरी गाड्या फोडण्याच्या. दाराची चौकट वरून वाकवायची की काम झालं. मग लोखंडी कपाटं बसवली, नियम केले, दंड लावले, हे असले डबे सक्तीचे केले, तेव्हा कुठे ते आटोक्यात आलं. डबे तपासायची रीतही खाशी आहे. वेस्ट येलोस्टोन गावात पाळीव ग्रिझ्लींपुढे खाऊ भरलेला डबा टाकतात आणि तासभर त्यांना हवं ते करू देतात. तेवढ्या वेळात फुटला नाही तर पास.

“म्हणजे अस्वलाचा आयएसआय मार्क,” साडू म्हणाले.

“पण एक अस्वल पास नाही झालं काका, डबा नापास करून गेलं. न्यूयॉर्क राज्यात, ॲडिरोंडॅक डोंगरात. मादी होती. कानात दोन पिवळे बिल्ले, म्हणून नाव यलो-यलो. एका जातीच्या डब्याचं झाकण दातानं दाबून फिरवायला शिकली. कंपनीनं दुसरी खिट्टी बसवली. तीपण शिकली.”

“न्यूयॉर्कची ना, शिकणारच,” साडू म्हणाले. त्यांचा एक भाचा तिथं असतो.

मेहुण्याला परदेशी अस्वलांचं एवढं कौतुक सहन होईना. त्यानं बिबट्या काढला. इथं बिबट्याचं जे काही होतं तेही डब्यावरूनच होतं, असं त्याचं म्हणणं. डबा कुणाचा, तर उपनगराचा. आपण कचरा उघड्यावर टाकतो, कचऱ्यावर कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या सोसायटीच्या फाटकापर्यंत येतो. २००४च्या सुमारास माणसांवर हल्ले झाले तेव्हा सगळ्यांचं म्हणणं एकच, बिबट्याला पकडा आणि लांब सोडा. २०११पासून वन विभागानं, अभ्यासकांनी आणि पत्रकारांनी मिळून ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ ही मोहीम चालवली. तिचं सांगणं थोडक्यात हेच: बिबट्याला हलवू नका, कचरा हलवा.

“आता आमच्या सोसायटीत बिबट्या दिसला की सेक्रेटरी आधी कचऱ्याच्या डब्याचं झाकण बघतो,” मेहुणा म्हणाला.

असं बोलत बोलत आम्ही पायथ्याशी पोचलो. माकडांना खायला देऊ नका, अशी पाटी होती. पाटीखाली एक कुटुंब माकडांना केळी देत होतं. आजोबांनी केळं पुढे केलं, माकडानं घेतलं, आजोबांनी हात जोडले. मारुतीरायाचा वंश, शनिवार नसला म्हणून काय झालं? पन्नास पावलं वर गेल्यावर त्याच कुटुंबाचा आरडाओरडा ऐकू आला. उरलेला केळ्यांचा घड एका दणकट नरानं परस्पर नेला होता. आजोबा आता त्याला जे म्हणत होते, त्यात मारुतीचा उल्लेख नव्हता.

पायऱ्यांवर साडूंचा नंबर लागला. ते बुटाची नाडी बांधायला वाकले आणि बॅग कठड्यावर ठेवली. एक मध्यम बांध्याची माकडीण येऊन बॅगेशेजारी बसली. तोंड दरीकडे, जणू तुळशी तलावाची पातळी बघायला आली आहे. एक हात मात्र मागे. त्या हाताच्या दोन बोटांनी चेनचं टोक पकडलं आणि ती चेन इतक्या हळू, इतक्या सरळ ओढली की माझ्या बायकोच्या तोंडून “शाब्बास” निघून गेलं. आतून थेपल्यांचं चांदीच्या कागदातलं भेंडोळं आलं. तिनं कागद सोलला, एक थेपला नाकाशी धरला, मग घडीच्या घडी तोंडात. चावणं नाहीच. या माकडांच्या गालांत थैल्या असतात. घेतलेलं आधी तिथं साठवायचं आणि निवांत झाडावर बसून खायचं. दोन्ही गाल गालगुंड झाल्यासारखे टुम्म झाले. छुंद्याची बाटली तिनं उचलली, हलवली, आणि साडूंच्या पायाशी परत ठेवली.

“गोड नको असेल,” आत्या म्हणाली.

“आजी, बघितलंस? तिच्याकडे बिल्ट-इन डबा आहे,” नातू म्हणाला. त्याच्या आवाजात आदर होता. वर झाडावर काळ्या तोंडाची वानरं पानं खात बसली होती. त्यांना गालाच्या थैल्या नसतात. त्यामुळे की काय, ती जरा तत्त्वज्ञ दिसतात.

कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून ते पुढे हजारएक वर्षं इथं माणसं राहत होती, शिकत होती, ध्यान करत होती. तिसऱ्या लेण्यातला चैत्य बघितला, व्हरांड्यातल्या सातेक मीटर उंच बुद्धांपुढे मान वर करून उभे राहिलो. कल्याण, सोपारा, नाशिक इथल्या दानशूरांची नावं शिलालेखांत आहेत, म्हणजे उपनगरातून येऊन इथं पैसे खर्च करायची रीतही जुनीच. पण माझा खरा जीव जडला तो पोढ्यांत, म्हणजे टाक्यांत. जवळजवळ प्रत्येक लेण्याशी खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे. डोंगराच्या पाठीवर बारीक चर कोरले आहेत. पावसाचं पाणी त्या चरांतून उतरतं आणि टाक्यात येऊन थांबतं. चार महिन्यांचा पाऊस बारा महिने पुरवायची ही तजवीज कातळात केलेली, आणि कातळाला चेन नसते.

“पाण्याचं झालं. पण खाणं कुठं ठेवत असतील?” नातवानं विचारलं.

ठेवतच नसत. विनयाचा, म्हणजे भिक्षूंच्या आचारसंहितेचा, नियम असा की भिक्षूनं मिळालेलं अन्न त्याच दिवशी, दुपार व्हायच्या आत संपवायचं आणि उद्यासाठी काही राखून ठेवायचं नाही. कान्हेरीत माकडं तेव्हाही असणार. पण ज्याच्याकडे साठा नाही त्याच्याकडून नेणार काय? आजाऱ्यासाठी तूप, लोणी, तेल, मध आणि गुळाचा पाक हे औषध म्हणून सात दिवस ठेवायची तेवढी मुभा होती.

“म्हणजे तुपातले लाडू चालले असते,” आत्या म्हणाली. तिला शांत वाटलं.

एक्केचाळिसाव्या लेण्यात अकरा तोंडांचा अवलोकितेश्वर आहे. आम्हाला एका तोंडाचं जेवण सांभाळता येईना, त्याचं काय होत असेल, असा विचार करत मी बघत होतो. फोटो काढण्यासाठी नातवानं पिंप पाठीवरून उतरवून बाहेर उतारावर ठेवलं. अस्वलाचा डबा कड्याजवळ किंवा पाण्याजवळ ठेवू नये, अस्वल तो ढकलत नेतं, असा नियम त्यानंच वाटेत सांगितला होता. पण तो नियम अस्वलाचा होता. इथं तीन माकडं आली. एकानं पिंपाला टिचकी मारली, दुसऱ्यानं झाकणाच्या खाचेत नख घातलं, तिसरं वर चढून बसलं. त्याच्या वजनानं पिंप हललं. माकडानं उडी मारली आणि पिंप निघालं.

कान्हेरीच्या पायऱ्या घरंगळणाऱ्या वस्तूंसाठी फार सोयीच्या आहेत. पिंप प्रत्येक पायरीवर “ढब्” असा खोल आवाज करत उतरत होतं. मागून आम्ही, आमच्यामागून माकडं. एका शाळेच्या सहलीनं टाळ्या वाजवून वाट करून दिली. मेहुणा “बाजू व्हा, बाजू व्हा” असं ओरडत होता. “काय आहे त्यात?” असं कुणीतरी विचारल्यावर साडूंनी धावता धावता, “लाडू!” असं उत्तर दिलं. त्यानं लोकांची भीती गेली नाही.

खाली पेरू-बोरं विकणारी एक पाड्यावरची बाई बसली होती. तिनं मान वर न करता डावा पाय पुढे केला आणि पिंप अडवलं. तिचा उजवा पाय टोपलीवर होता. टोपलीवर गोणपाट, गोणपाटावर पाय, मांडीवर गलोल. गलोलीत दगड नव्हता. माकड जवळ आलं की ती नुसतं रबर ताणायची आणि माकड मागे जायचं. आम्ही तिथं उभे होतो तोवर तिच्या टोपलीतलं एक बोरही गेलं नाही. साठ मिनिटं ग्रिझ्लीपुढे ठेवायचीच असेल तर ती टोपली ठेवावी.

“चला, जेवून घेऊ. भूक लागली,” मेहुणा म्हणाला. आम्ही बाजूच्या झाडाखाली सतरंजी टाकली. पिंप मध्ये ठेवलं. नातवानं हात पुढे केला, “कॉइन द्या कुणीतरी.”

आम्ही खिसे चाचपले. साडूंनी पाकीट उलटं केलं: तीन कार्डं, एक देवीचा फोटो. मेहुण्याकडे फोन. माझ्याकडे फोन. नातवाकडे दोन फोन. चार उपनगरांतली कमावती माणसं एका झाडाखाली बसली होती आणि कुणाकडे एक रुपयाचं नाणं नव्हतं. भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना आम्ही कोड दाखवून पैसे देतो. अस्वलाकडे नाणं नसतं या सिद्धान्तात आम्हीही आता बसत होतो.

शेवटी आत्यानं रुमालाची गाठ सोडून पन्नासची नोट काढली आणि ती पेरूवालीकडे गेली. पेरूवालीकडेही कोडाची पाटी होती. पण इथं रेंज येत नाही म्हणून तिचा धंदा रोखीचा, आणि रोखीचा म्हणून तिच्याकडे चिल्लर. चाळीस रुपयांचे पेरू घ्यावे लागले तेव्हा दहा रुपये सुटे मिळाले. पेरू आत्यानं हातातच धरून आणले. ते सतरंजीपर्यंत पोचले नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

नातवानं नाणं खाचेत घातलं आणि फिरवलं. कट्. दुसऱ्या खाचेत. कट्. झाकण निघालं आणि आतून बामचा भपकारा आला.

त्याच्या डब्यानं दगा दिला असं कुणी म्हणू नये. माकडाचं एक बोटसुद्धा आत गेलं नव्हतं. फक्त एवढ्या पायऱ्या उतरताना आतल्याआत सगळ्यांची ओळख झाली होती. बामची बाटली उघडली होती. लाडवांचा भुगा झाला होता, भुग्यात मुखवासाची बडीशेप होती, पुऱ्यांना उन्हाचं क्रीम लागलं होतं. भाजीचा डबा घट्ट झाकणाचा म्हणून ती आणि तळातल्या बारा-पंधरा पुऱ्या तेवढ्या वाचल्या. आत्यानं भुगा चिमटीत घेऊन खाल्ला. “सर्दीवर चांगला आहे,” म्हणाली.

इथवर डबा जिंकला होता. हरलो ते आम्ही, आणि ते पुढच्या पाच मिनिटांत.

अस्वल रात्री येतं, माणूस झोपल्यावर. त्याच्यासाठी झाकण पुरतं. माकड जेवायच्या वेळी येतं, आणि मराठी जेवणात त्या वेळी काय चालू असतं? माझ्या बायकोनं पुरीवर भाजी घालून साडूंपुढे धरली. साडू म्हणाले, “नको, आधी आत्यांना.” आत्या म्हणाली, “मला कसली भूक, पोराला दे.” पोरगा म्हणाला, “काका, तुम्ही घ्या.” मेहुणा यजमान, त्यामुळे त्याला सगळ्यांच्या शेवटी घेणं भाग. पुरी हवेत. हात लांब केलेला, सगळ्यांच्या नजरा एकमेकांच्या तोंडाकडे, पुरीकडे कुणाचीच नाही. त्या फटीतून एक केसाळ हात आला आणि पुरी गेली.

“अगंबाई! घ्या हो, ही तरी घ्या,” असं म्हणत बायकोनं दुसरी पुढे केली.

“आता तर नकोच. कमी आहेत,” साडू म्हणाले.

तीही गेली. या टोळीचा आमच्या घरांशी जुना परिचय असावा. झडप घालण्याची त्यांना गरजच नव्हती. ‘घे’ आणि ‘नको’ यांच्यामध्ये आम्ही त्यांना पुरेसा वेळ देत होतो. तिसरी पुरी नातवानं वाचवली. ती त्याच्यापुढे येताच त्यानं कुणालाही न विचारता तोंडात कोंबली. वडीलधाऱ्यांना ते आवडलं नाही, पण आमच्यात जेवलेला तो एकटाच. पेरूवाली बाई हे सगळं बघत होती. तिनं गलोलीचं रबर ताणून माकडांना दोनदा मागे सारलं, मग तीही कंटाळली. “पटापट खावा की,” एवढंच म्हणाली. त्यावर साडूंनी तिलाच एक पुरी पुढे केली. ती “नको” म्हणाली. पुरी गेली.

परत येताना सहा किलोमीटर कुणी फारसं बोललं नाही. माकडांनी पोरांनाही वाटेकरी न करता गालात कोंबलेल्या आमच्या पुऱ्या आता निवांत झाडावर चघळल्या जात असतील, एवढा एक विचार सगळ्यांच्या मनात होता.

बोरिवली स्टेशनबाहेर वडापावची गाडी लागली. कढईतून वडा निघाला, पावात गेला, पाव हातात आला. आग्रह करायला गाडीवाल्याला वेळ नव्हता. मागे रांग होती. फोन काढून कोडाला पैसे दिले, ते लगेच गेले. उभ्या उभ्या, दोन-तीन घासांत, एकही अक्षर न बोलता सहा माणसं जेवली. गाडीच्या पत्र्यावर एक मांजर आणि खाली दोन कुत्री वाट बघत होती. त्यांना काही मिळालं नाही.

“काका, कढईपासून पोटापर्यंत मिनिटभरसुद्धा नाही,” नातू म्हणाला. तो खरोखरच हरखला होता. “स्टोरेजच नाही. हे बेस्ट आहे.”

“विनयाला धरून आहे,” मी म्हणालो. “फक्त दुपार टळून गेली.”

सगळे हात पुसत निघाले तेव्हा आत्या अजून गाडीशीच उभी होती. ती गाडीवाल्याला सांगत होती, “दोन बांधून दे. चटणी वेगळी.” फास्ट गाडीनं अंधेरी वीस-पंचवीस मिनिटांवर.

“आजी, आत्ताच खाल्लंस ना?”

“असू देत बांधलेले,” आत्या पुडकं पदराखाली घेत म्हणाली. “वाटेत लागलं म्हणजे?”